सहाणेची पाठ

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारख्या एखादीवर उगाळलेलं काहीतरी नक्की चाटलेलं आहे. तुम्हाला ते आठवत नाही, कारण तेव्हा तुम्हाला दात नव्हते. घरात बाळ असलं की माझ्याशिवाय सकाळ उजाडत नाही आणि बाळ चालायला लागलं की मी कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं. याचं मला वाईट वाटत नाही. मी दगड आहे. वाईट वाटायला लागतं ते माझ्यात नाही.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून काढलं. माझं तोंड त्याने बराच वेळ घासलं. ते फार गुळगुळीत झालं तर त्यावर काही उगाळलं जात नाही आणि फार खरखरीत राहिलं तर दगडाची कच बाळाच्या पोटात जाते. मधलं जे आहे ते त्याला बोटाने कळत असे. पाठ मात्र त्याने टाकीच्या खुणांसकट तशीच ठेवली. पाठ जमिनीला टेकायची, तिचे कशाला लाड, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून मला एक तोंड आहे आणि एक पाठ आहे, आणि ही गोष्ट पाठीची आहे.

धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत मी गोणपाटावर पाटे, खल आणि दिव्यांच्या मधोमध पडून होते. शिंदखेड्याकडची एक तरुण बाई आली, तिच्या कडेवर झोपलेलं मूल होतं. ती सुंदरबाई, आणि मूल म्हणजे ललित. तिने बोट ओलं करून माझ्या तोंडावरून फिरवलं, मग नख फिरवलं, मग मला उचलून कानाजवळ नेऊन टिचकी मारली. तिचे मालक अभिमन आबा म्हणाले, "दगडच शे तो, मडकं नही." ती म्हणाली, "पोरना पोटमा जावानं शे ते याच्यावरथून. वाजाडीसन लेवानं." आणि तिने मला घेतलं.

माझी कामाची वर्षं तिथे सुरू झाली. सुंदरबाईच्या हाताला माप होतं. वेखंडाचा अर्धा वेढा, बाळहिरड्याचा एक, मुरडशेंगेचा एक, सुंठ नुसती टेकवायची, खारीक-बदाम मात्र सढळ हाताने. वेढा म्हणजे माझ्या तोंडावर एक गोल फिरवणं. ललित मोठा झाला तरी मला विसावा मिळाला नाही, कारण गल्लीत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी पाळणा हले. सकाळी दारात कुणी सासू नाहीतर कुणी आत्या उभी असे. "अक्का, पोरगं रडी रडी लाल व्हयी गयं, जराशी घुटी उगायी द्या ना." मग अक्का मला धुवायची, पाण्याचे दोन थेंब टाकायची आणि वेढे मोजायला लागायची. कुणी म्हणे अक्काचा हात हलका आहे, कुणी म्हणे सहाणच चांगली आहे. एकाच घुटीचं कौतुक दोघींत वाटलं जाई.

या वर्षांत माझं तोंड झिजत गेलं. मधोमध एक उथळ खळगा पडला. मित्रांनो, दगडात पडलेला खळगा परत भरत नाही, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

अभिमन आबा गेले. ललित जिनिंग फॅक्टरीत कामाला लागला आणि त्याचं लग्न झालं. सून धुळ्याची, दिपमाला. बी.एस्सी. झालेली. कुठल्याही औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद ती उलगडून शेवटपर्यंत वाचायची. तिला भाविका झाली आणि मला वाटलं, म्हणजे वाटण्यासारखं काही माझ्यात असतं तर वाटलं असतं, की आपले दिवस परत आले.

सुंदरबाईने मला धुऊन उन्हात ठेवलं. बाराव्या दिवसाआधीच वेखंड, हिरडा सगळं डबीत भरून तयार होतं. तेव्हा दिपमालाने सांगितलं की बाळांच्या डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं बजावलं आहे. पाणीसुद्धा नाही.

"मनी उगायेल घुटी खाईसनच तुना नवरा इतला मोठा व्हयना," सुंदरबाई म्हणाली.

"हो आई. पण यांची सर्दी अजून एक दिवस सुटत नाही."

"डाक्टरनी माय बी त्याले उगायीसनच देत व्हती."

"देत असतील. तरी नको."

सुंदरबाई भांडकुदळ नव्हती. तिने मला फडक्यात गुंडाळून मागच्या पडवीत, मोरीवरच्या फळीवर, रिकाम्या बरणीमागे ठेवलं. माझ्याबरोबर तिचा गल्लीतला मानही फळीवर गेला, कारण अक्काच्या घरात घुटी बंद म्हटल्यावर शेजारणीही येईनाशा झाल्या. बाळाला उचलून घेणं तेवढं तिच्याकडे उरलं.

आणि त्यातही अडचण होती. आयुष्यभर वाकून कापूस वेचलेल्या बाईचे गुडघे होते ते. खाली बसली की उठताना भिंत धरावी लागे. गुडघ्यासाठी ती दुकानातून एक लाल गोळी आणत असे, कित्येक वर्षं. तिला गोळी गिळता येत नसे. लहानपणी एकदा चिंचोका घशात अडकला होता, तेव्हापासून घसा आवळून बसलेला. म्हणून ती लाल गोळी गुळाच्या खड्यात दाबून चावून खाई. पोटात जळजळ व्हायची, मग ती ताक पिऊन गप्प बसायची.

भाविका पालथी पडायला लागली त्या सुमाराला सुंदरबाई ओट्याशी उभी असताना चक्कर येऊन खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता. दिपमालाने आडपडदा न ठेवता विचारलं तेव्हा कळलं, बरेच दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. तिने ते बीट खाल्ल्याचं म्हणून सोडून दिलं होतं, आणि घरात बीट कित्येक महिन्यांत आलेलं नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात नळी घालून पोट आतून पाहिलं. आत अल्सर होता, म्हणजे पोटाच्या अस्तराला जखम, आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. पोटात एक जातीचे जंतूही सापडले. घरी आल्यावर दिपमालाने फोनवर आपल्या बहिणीला हे सगळं मोरीपाशी उभं राहून सांगितलं, म्हणून मला कळलं. जंतूंवर दोन आठवड्यांचं औषध, त्याच्यासोबत पोटातलं आम्ल कमी करणारी पिवळी गोळी, जी त्यानंतरही चालू ठेवायची. आणि लाल गोळी कायमची बंद.

ते दोन आठवडे दिपमाला पाण्याचा पेला घेऊन सासूसमोर उभी राहायची. गोळी केळ्याच्या तुकड्यात घालून द्यायची. सुंदरबाई केळं गिळायची आणि गोळी गालात ठेवायची.

"आई, तोंड उघडा."

"मी काय भावू शे का, तोंड उघडीसन दखाडाले?"

"भावू बरी. तिला दात नाहीत, लपवायला जागा नाही."

असं करत ते औषध पार पडलं. जंतू गेले की नाहीत हे पाहायची तपासणी काही आठवड्यांनी होती. तिच्या आधी डॉक्टरांनी पिवळी गोळी थोडे दिवस थांबवायला सांगितली, कारण ती चालू असली तर जंतू असूनही तपासणीत दिसत नाहीत. तपासणी चांगली आली. जंतू गेले होते. त्या रात्री घरात भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि सुंदरबाईने आपलं भरीत बिनतिखटाचं वेगळं काढू दिलं, यावरून ती किती खूश होती ते समजा. पिवळी गोळी पुन्हा सुरू करायची होती, जखम भरेपर्यंत. पण भाविकाला दात येत होते आणि त्यातच पोटही बिघडलं होतं. दिपमाला रात्ररात्र जागत होती. तिने पिवळ्या गोळ्यांची पट्टी सासूच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, रोज सकाळी, खाण्याआधी, आठवणीने."

"जंतू मरनात, आते कसानं पथ्य?" सुंदरबाई म्हणाली, पण पट्टी घेतली.

मित्रांनो, इथून माझ्या पाठीची गोष्ट सुरू होते.

पहाटे रात्रभराच्या जागरणाने दिपमालाचा डोळा लागलेला असे. सुंदरबाई पडवीत येई, बरणीमागून मला काढी, फडकं सोडी आणि मोरीच्या कठड्यावर मला पालथी घाली. माझं तोंड खाली, पाठ वर. पाण्याचे दोन थेंब टाकी. मग ती पिवळी गोळी चिमटीत धरून माझ्या पाठीवर वेढे घेई. पाठ खडबडीत होती. पहिल्या वेढ्यातच गोळीवरचं पिवळं कवच सुटून बाजूला होई आणि आतली पांढरी भुकटी उघडी पडे. ती बोटाने निपटून मधात चाटे. घशात काही अडकत नसे. तिला ही युक्ती फार बरी वाटली.

थोड्या दिवसांनी तिच्या कनवटीला लाल गोळीही आली. तिचा हिशेब सरळ होता. जंतू गेले, म्हणजे आजार गेला. गुळात चावून खाल्लेलं पोटाला जड होतं, उगाळलं की सौम्य होतं. तान्ह्या पोराला सोसतं ते आपल्याला का सोसू नये. लाल गोळीमुळे ती भिंत न धरता उठू लागली. भाविका रडली की आई यायच्या आत आजी पोचू लागली. दिपमालाने ललितला म्हटलंही, "आईंचे गुडघे बरे आहेत हल्ली." ललित म्हणाला, "मलम लागू पडलं असेल."

काम झालं की सुंदरबाई माझी पाठ धुई, तोंड न दुखवता फडक्यात बांधी आणि मला जागेवर ठेवी. तोंडाला तिने एकदाही गोळी लावली नाही.

मला पोट नाही, म्हणून पुढचं मी नुसतं ऐकलेलं आहे. जेवण झाल्यावर दोन बरगड्यांच्या मध्ये खुपणं परत सुरू झालं. भाकरी अर्धी होऊ लागली. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहायची सवय दिपमालाला लागली होती, तिला ती पुन्हा फिकी दिसली. धुळ्याला नेलं, परत नळी घातली. जखम होती तशीच होती. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याची गोळी घेता का? सुंदरबाई म्हणाली, गुडघ्यांना मलम लावते. पिवळी गोळी घेता का? रोज घेते. दोन्ही उत्तरं तिच्या मते खरी होती. उगाळून चाटलेलं ती गोळीत धरतच नव्हती. ती तिच्या लेखी घुटी होती.

डॉक्टर म्हणाले, जंतू नाहीत, गोळी चालू आहे, तरी जखम हलत नाही, मग कडेचा एक तुकडा काढून तपासायला पाठवतो. काय तपासायला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दिपमालाने विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. घरी आल्यावर ती पडवीत आली, नळ सोडला आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभी राहिली. धुवायला तिच्या हातात काही नव्हतं.

अहवाल यायला आठवडा होता. त्या आठवड्यात घरात सगळे हळू बोलत. सुंदरबाई मूर्ख नव्हती. एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "दिपा, एक सांगू का? मनं काय व्हई ते व्हवो. पन एकदाव तरी पोरले मना हातनं उगायीसन दिऊ दे."

भाविकाला सहा महिने होऊन गेले होते. मऊ भात, वरण, केळं चालू झालं होतं. दिपमालाने मनात सगळं तपासून पाहिलं. मग म्हणाली, "वेखंड नको, जायफळ नको. खारीक आणि बदाम. सहाण मी उकळत्या पाण्याने धुणार."

"ऱ्हाऊ दे वं, मी धुस तिले," सुंदरबाई घाईने उठायला गेली.

"तुम्ही बसा. पातेलं गरम असतं."

"सान माले माहीत शे. मी धुस ना."

दिपमाला थांबली. सासूने इतक्या घाईने कधी काही मागितलेलं तिने पाहिलं नव्हतं. पडवीत येऊन तिने बरणी बाजूला केली, मला सोडवलं आणि धुण्यासाठी उलटी केली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत कुणी माझी पाठ पाहिली नव्हती. पाथरवटाच्या टाकीच्या खुणांमध्ये एक गोल डाग गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या कडेच्या खाचांत पिवळी आणि लालसर रेघ बसली होती. दिपमालाने बोट ओलं करून त्यावरून फिरवलं आणि जिभेला लावलं. भाविकाच्या तोंडात जायचं काहीही ती आधी स्वतः चाखत असे. तिने तोंड वाकडं केलं आणि थुंकली. मग मला हातात घेऊनच ती आत गेली.

"आई, ही पाठ अशी गुळगुळीत कशी झाली?"

"जुनी शे. झिजनी."

"तोंड झिजतं आई. पाठीवर कोण काय उगाळतं?"

सुंदरबाईने पदर सावरला. भाविका मध्ये सतरंजीवर बसून वाटी आपटत होती.

"पोरनी बाजूले मी हात लावा नही," सुंदरबाई म्हणाली. "ती बाजू चोखी शे. मनी शपथ."

"मी ते विचारत नाही. पिवळी कळली मला. लाल कुठली?"

"मंग काय करू? तू घुटी बंद करी. गल्लीमा कोनी ये ना. पोर रडस तवय उठीसन तिले लेवाले तरी जमाले पाहिजे ना. हात रिकामाच ऱ्हायनात मना. आनि उगायेल सौम्य रहास. इतली वरीस पोरेसले देत उनू."

दिपमालाच्या तोंडावर पुष्कळ काही आलेलं दिसलं. कागद वाचणाऱ्या माणसाला अशा वेळी सांगण्यासारखं बरंच असतं. पण ती सासूशेजारी खाली बसली, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मला वाटत होतं तुमचे गुडघे बरे झाले. मी मलमाला नवस बोलायची बाकी होते."

"त्या मलमले वास शे नुसता," सुंदरबाई म्हणाली. आणि दोघी थोड्या हसल्या, कारण दोघी घाबरलेल्या होत्या.

अहवाल आणायला जायचं होतं त्या दिवशी दिपमालाने मला फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. शिंदखेडा ते धुळे एसटीने मी मांडीवर बसून गेले. वाहकाने विचारलं, पिशवीत काय आहे एवढं जड? सुंदरबाई म्हणाली, "मना गुन्हा."

डॉक्टरांनी आधी अहवाल वाचून दाखवला. तुकड्यात वाईट काही नव्हतं. दिपमालाने टेबलाची कड धरली आणि सोडली. मग तिने मला टेबलावर पालथी ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "अक्का, कपाशी लावता ना? बियाण्याला रंगीत लेप असतो तो कशाचा?"

"औषधना. किडा नको लागाले म्हनीसन."

"तो घासून, धुऊन मग बी पेरता का?"

"कोन पेरी? जमिनमाच किडा खाई टाकी."

"या पिवळ्या गोळीचंही तसंच आहे. तिचा लेप पोटातल्या आम्लापासून तिला सांभाळतो. ती पोटातून पुढे जाऊन आतड्यात विरघळली तरच काम करते. तुम्ही लेप इथे दगडावर काढला. मग ती आम्लात पडली आणि तिथेच संपली."

सुंदरबाईने माझ्याकडे पाहिलं. "आनि लाल? ती तं मी इतली बारीक करू, जिभले बी लागे नही."

"ती कितीही बारीक करा. पाण्यातून घ्या, नाहीतर सुई टोचून घ्या. ती रक्तात जाते. गुडघ्याचं दुखणं थांबवते ती रक्तातून, आणि पोटाच्या आतला जो चिकट थर अस्तराला सांभाळतो, तो बनू देत नाही तीही रक्तातूनच. जंतू गेले म्हणजे भिंत फोडणारा चोर गेला. भिंत बांधायचं काम उरलंच होतं. तुम्ही रोज ओली भिंत खरवडत होतात."

सुंदरबाई म्हणाली, "म्हंजे सारेल ओटावर मी रोज पाय देत व्हतू."

"आणि इथे येऊन विचारत होतात, ओटा वाळत का नाही."

"तुम्हीच इचारत व्हतात," सुंदरबाई म्हणाली, आणि डॉक्टरांना ते कबूल करावं लागलं.

त्यांनी पिवळी गोळी बदलून एक कॅप्सूल दिली, जी उघडता येते. सगळ्या कॅप्सूल उघडायच्या नसतात, हे त्यांनी दिपमालाला दोनदा सांगितलं. हिच्या आत मोहरीपेक्षा बारीक दाणे होते आणि प्रत्येक दाण्याला आपापला लेप होता. ते कुस्करलेल्या केळ्याच्या एका चमच्यावर टाकून न चावता गिळायचे.

"मना दात शेतसच कितला, चावाले," सुंदरबाई म्हणाली.

गुडघ्यांसाठी शेक, व्यायाम आणि काठी. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही सांगितली तेवढीच. दुकानातून सर्दीची गोळी आणली तरी आधी दाखवायची, कारण तशा काही गोळ्यांतही दुखण्याचं औषध मिसळलेलं असतं. दिपमाला सगळं ऐकत होती. निघताना तिने मला उचललं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सहाण छान आहे. हिचा काही दोष नाही."

हे मला आधीच माहीत होतं.

घरी आल्यावर काही गोष्टी बदलल्या. ललितने सतरंजीऐवजी बाज आणून टाकली, म्हणजे आजीला जमिनीवरून उठावं लागू नये. काठी आली, ती सुंदरबाईने आठवडाभर कोपऱ्यात उभी ठेवली आणि मग कुणी पाहत नसताना हातात घेतली. लाल गोळी गेली तसे गुडघे दुखू लागले, हे मी लपवणार नाही. काही दिवस ती चिडचिडी होती. "पोट बरं कराले गुडघा इकी टाका तुम्ही," असं ती म्हणायची. भाविका रडली की ती बाजेवरूनच हाक मारायची आणि उठता न आल्याने कपाळाला आठ्या घालून बसायची.

मग एका सकाळी असं झालं. दिपमाला मोरीत होती. भाविका झोपेतून उठून रडू लागली. बाजेवरून सुंदरबाईने हाक मारली, "भावू, आठे मी शे, आठे ये." ती नुसती बोलत होती, सवयीने. भाविका रडायची थांबली, पोटावर वळली, आणि आधी हात, मग गुडघे टेकत, मध्येच बसत, पुन्हा निघत, बाजेपर्यंत आली. बाजेच्या कडेचा दांडा धरून उभी राहायचा प्रयत्न केला आणि आजीच्या पायावर पडली. दिपमाला ओल्या हाताने दारात येऊन थांबली. सुंदरबाई म्हणाली, "दखं का? मना गुडघा नहीत ते पोरले उनात."

काही महिन्यांनी तिसऱ्यांदा नळी घातली. जखमेच्या जागी फक्त एक पांढरी रेघ उरली होती. यावेळी भरीत झालं तेव्हा दिपमालाने डॉक्टरांचं शेवटचं वाक्य जेवणाच्या आधीच सगळ्यांना ऐकवलं. लाल गोळी नाही, म्हणजे नाही.

मी आता फळीवर नसते. स्वयंपाकघरात खिडकीजवळ असते. रोज सकाळी सुंदरबाई बाजेवर बसते, दिपमाला मला धुऊन तिच्या हातात देते. आधी एकदा उलटी करून पाठ बघते, ती बघतेच, आणि सुंदरबाई म्हणते, "बघी ले, पोलीस." मग खारकेचे वेढे, बदामाचे वेढे, आणि वर तोंड करून वाट बघणारी भाविका.

तर मित्रांनो, माझं सांगणं थोडं आहे. मला वापरून झालं की धुवा आणि कोरडी ठेवा. माझ्यावर सुका मेवा उगाळा, चंदन उगाळा, औषधाची गोळी मात्र कुणालाही न विचारता फोडू नका, कुटू नका, उगाळू नका. तिच्यावरचं कवच कुणीतरी विचार करून चढवलेलं असतं. घरातल्या मोठ्यांना गोळी गिळता येत नसेल तर ते लाजेने सांगत नाहीत, तेव्हा तुम्ही विचारा. आणि आजार गेला असं ऐकलं की त्याने केलेली जखमही गेली असं समजू नका.

माझ्या तोंडावर खळगा आहे, तो ललितच्या वेळेपासूनचा. पाठीवर एक गुळगुळीत डाग आहे, तो सुंदरबाईच्या पहाटांचा. हे दोन्ही मी असेपर्यंत असेच राहतील, कारण दगडातून जे झिजलं ते परत येत नाही. तुमचं तसं नाही. कुणी रोज खरवडलं नाही, तर तुम्ही आतून भरून येता.